फोकायचं नाही

"आज उंदरांचं काही वाचायचं नाही," फोन खाली ठेवत आमच्या रेडिओ केंद्राचे साहेब केळुसकर म्हणाले आणि माझ्या हातातली स्क्रिप्ट त्यांनी ओढून घेतली. "तो भाग रद्द. खुद्द राव साहेबांचा ट्रंक कॉल होता."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच चूक झाली. रविवारची दुपार होती. संध्याकाळी 'रानशिवार' हा आमचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता आणि त्यात तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा होता.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात उंदरांनी उच्छाद मांडला होता. पेरलेलं बी रातोरात उकरून खात होते, उभी ताटं कुरतडत होते. सरकारनं पंचायत समित्यांमधून उंदीर मारायची काळी पूड फुकट वाटली होती आणि ती कशी वापरायची हे रेडिओवरून सांगायचं काम आमच्या केंद्राकडे आलं होतं. भाग दोन होते. पहिला मी शनिवारी वाचला: ज्वारीचा भरडा घ्या, त्याला गोडेतेल आणि गूळ चोळा, मग काठीनं पूड कालवा, हात लावू नका. शेवटी मीच म्हटलं होतं, "हे आमिष शेतात कसं ठेवायचं, ते उद्या याच वेळी ऐका."

आणि आता उद्या उजाडला होता, आणि साहेब म्हणत होते वाचायचं नाही.

"सर, काल आपण अर्धंच सांगितलंय," मी म्हटलं. "लोकांनी विष कालवून ठेवलं असेल."

"ते मला कळतं, शेटेबाई. पण रावांनी स्वच्छ शब्दांत सांगितलंय. धिस इज नॉट फॉर ब्रॉडकास्टिंग. यू मस्ट टेल देम. दोनदा म्हणाले. आता याच्यापुढे मी काय बोलणार?"

राव हे पीक संरक्षणाचे मोठे अधिकारी. मूळचे आंध्रातले, मराठी त्यांना येत नव्हती, इंग्रजीतच बोलायचे. मी ते वाक्य मनात एकदा फिरवलं आणि मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. खोलीत टायपिस्ट होती, दोन वादक पेटी-तबला घेऊन बसले होते, आमचे इंजिनिअर इंगवले दारात उभे होते. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" केळुसकरांनी विचारलं.

"सर, ते रेडिओबद्दल बोलत नाहीत. ब्रॉडकास्टिंग म्हणजे फोकणं. मुठीनं बी फेकून पेरतात ना, ते. राव म्हणतायत की हे आमिष बियासारखं शेतात फेकायचं नाही, आणि ते लोकांना सांगा."

मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली होती. आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. पेरणीच्या पद्धतींवरचा धडा पहिल्या वर्षालाच असायचा, आणि त्यातली पहिली पद्धत ब्रॉडकास्टिंग. म्हणजे तो शब्द मला आधी रानात भेटला, रेडिओत नंतर. आमचे सर शिकवताना ओंजळभर वाळू घेऊन फळ्यासमोर फेकून दाखवायचे. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे टाकलेलं. विलायतेत शेकडो वर्षं शेतकरी हा शब्द वापरत होते; बिनतारी यंत्रं आली तेव्हा आवाजही तसाच चहूकडे फेकला जातो म्हणून रेडिओवाल्यांनी तो उचलला. हे सगळं मी त्या दुपारी केळुसकरांना सांगितलं. पोटतिडकीनं सांगितलं, चेष्टेनं नाही.

"फोकलेलं बी कुठे पडेल त्याचा नेम नसतो," मी म्हटलं. "बांधावर पडतं, वाटेवर पडतं, पाखरं टिपतात. बियाचं ठीक आहे, सर. हे विष आहे. ते बिळातच घालायला हवं."

केळुसकर तोवर तांबडे झाले होते. इंग्रजी हा त्यांचा अभिमानाचा विषय. केंद्रावर कोणी 'प्रसारण' म्हणावं की 'प्रक्षेपण', जुना 'नभोवाणी' शब्द का सोडला, यावर ते तासभर बोलू शकत. आणि हंगामी करारावरची एक पोर, चारचौघांत हसून, त्यांना त्यांच्याच धंद्याच्या शब्दाचा अर्थ सांगत होती.

"शेटेबाई, मी या खात्यात सोळा वर्षं काढलीत. ब्रॉडकास्टिंग म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवू नका."

"मग परत फोन लावून विचारू या. पाच मिनिटांचं काम आहे."

"राव दौऱ्यावर निघालेत. आणि मी त्यांना विचारू, की तुम्हाला इंग्रजी येतं का?" त्यांनी स्क्रिप्टची घडी करून खिशात घातली. "आज तुम्ही घरी जा. ड्युटीला मी स्वतः बसतो. लोकगीतं लावू."

त्या हसण्यावरून पुढे मला पुष्कळांनी बोल लावला. अगं, तू हसली नसतीस तर गोष्ट या थराला गेली नसती, असं माझी आईसुद्धा म्हणाली. मी ते कधीच मान्य केलं नाही, आजही करत नाही. बाईचं हसणं एवढं महाग असेल तर तो दोष हसणारीचा नसतो.

मी घरी गेले नाही. जिल्हा कृषी कार्यालयात गेले, रविवार, कुलूप. तिथून एस.टी. स्टँडवर गेले. मुक्कामी गाड्या सुटायची वेळ होती. एकेका कंडक्टरला गाठून सांगत सुटले की गावात पोचलात की चावडीवर सांगा, उंदराचं औषध फेकू नका, बिळात घाला आणि वरून चिखलानं तोंड बुजवा. एक जण म्हणाला, "ताई, मी तिकिटं फाडू का दवंडी पिटू?" दोघांनी ऐकून घेतलं. एकानं कानातली पेन्सिल काढून तळहातावर लिहूनही घेतलं. स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. 'रानशिवार'च्या वेळेला त्यातून भलरी वाजत होती. पाठोपाठ दुसरं गाणं, मग तिसरं. शेवटची गाडी सुटेपर्यंत मी तिथेच होते.

सोमवारी दुपारी मी केंद्रावर पोचले तेव्हा फाटकापाशी वॉचमन एका बाईशी हुज्जत घालत होता. काळं इरकल नेसलेली, कपाळावर हिरवं गोंदण, पायांत जाडजूड वहाणा. धनगरीण होती. दुधाच्या ट्रकमधून माळझरीहून आली होती. माळझरी शहरापासून दोन तासांच्या वाटेवर.

"हिला रेडिओतल्या बाईला भेटायचंय म्हणे," वॉचमन म्हणाला.

"मीच ती," मी म्हटलं.

बाईनं मला खालीवर न्याहाळलं. "बोल जरा. आनखी बोल."

"काय बोलू, मावशी?"

"व्हय. आवाज त्योच." ती मागं सरली. "तूच सांगितलंस नव्हं, भरड्यात गूळ घाला, त्याल घाला, पूड कालवा? आक्ख्या गावानं कालवलं. मग फुडचं सांगायचं सोडून गानी कशापायी लावलीस?"

तिचं नाव ठकूबाई. माळझरीच्या शिवारात खतासाठी त्यांनी मेंढरं बसवली होती. गावानं शनिवारचा कार्यक्रम ऐकून आमिष कालवलं. रविवारी सगळे रेडिओला कान लावून बसले, तर गाणी. आता कालवलेलं ठेवायचं किती दिवस? मुंग्या लागायच्या, घरात पोरंबाळं. म्हणून सोमवारी उजाडताच लोकांनी टोपल्या काखेला मारल्या आणि जसं बी फोकतात तसं ते विष शेतभर फोकलं. त्यांना दुसरं काही कोणी सांगितलंच नव्हतं. आणि बाजूच्या पडीक रानातून ठकूबाईची मेंढरं गुळाच्या वासानं तिकडे वळली.

"निम्म्याच्या वर गेली," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "प्वाट फुगली, तोंडाला फेस. लसणावानी वास सुटलाय रानभर. मालक तितंच बसल्यात डोकं धरून."

मी तिला आत नेऊन बसवलं. पाणी दिलं. ती खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून खाली बसली. पाणी प्यायल्यावर ती पुढचं बोलली.

"आन गाव सुरं घेऊन उभं हाय. म्हनत्यात, मेल्यालं कशाला वाया घालवायचं. चार-सहा सोलून झाली म्या निघाले तवा. वाटं लागलं. मालक नगं म्हनलं, तर सरपंच म्हनला, उंदराचं आवषीद, त्येनं मानसाला काय व्हतंय."

"मांस वाटलं?"

"मांस, काळीज, वजडी. समदं. रातीला घरोघर रस्सा व्हनार."

वजडी म्हणजे जनावराचं पोट. ते विष पोटातच असतं. ओलाव्यानं त्याचा वायू होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि माळझरीतल्या एकाही माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी तशीच केळुसकरांच्या खोलीत शिरले. ठकूबाई मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. मी सगळं सांगितलं. केळुसकरांनी चष्मा काढून पुसला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट झालं. बाईंना चहा द्या. पण आपण फेका असं कुठे सांगितलं होतं? आपल्या प्रसारणात तसा एकही शब्द नाही."

"सर, ते नंतर बघू. आत्ताच्या आत्ता घोषणा करायला हवी. ते मांस खाऊ नका म्हणून. गाणं थांबवून करायला हवी."

"अशी कशी करता येईल? मेंढ्या कशानं मेल्या हे कोणी ठरवलं? आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचं निवेदन येऊ दे. आपण अफवा पसरवल्यासारखं होईल."

"निवेदन येईपर्यंत लोक जेवून बसतील."

"आवाज चढवू नका."

"मग राव साहेबांना फोन लावा. ते सांगतील."

"रावांना काय विचारायचंय?" ते वैतागून म्हणाले. "त्यांनी सांगितलंच ना काल, की बिळात—"

आणि ते थांबले.

मी म्हटलं, "काल तर त्यांनी वाचू नका म्हणून सांगितलं होतं. बिळाचं कधी सांगितलं?"

ते टेबलावरचा पेपरवेट उगीच इकडचा तिकडे करत राहिले. माझ्या मागून इंगवल्यांचा आवाज आला. इंगवले हे मितभाषी गृहस्थ, कंट्रोल रूमच्या बाहेर फारसे दिसायचे नाहीत. आरडाओरडा ऐकून आले असावेत.

"काल परत ट्रंक कॉल आला होता," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यानंतर. 'रानशिवार' सुरू व्हायच्या आधी. मीच उचलला, साहेबांना दिला आणि शेजारीच उभा होतो. राव विचारत होते की लोकांना नीट समजेल असं लिहिलंय ना. साहेब त्यांना म्हणाले, येस सर, एव्हरीथिंग इज क्लिअर."

"इंगवले, तुम्ही तुमच्या जागेवर जा," केळुसकर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या माणसाच्या खिशात माझी स्क्रिप्ट होती. समोर माईक होता. त्याला अर्थ कळला होता, खुद्द रावांच्या तोंडून कळला होता. खिशात हात घालून कागद काढायचा आणि वाचायचा, एवढंच उरलं होतं. आणि त्यानं भलरीची तबकडी लावली. का, तर दुपारी चारचौघांत 'नाही' म्हटलेलं संध्याकाळी 'हो' कसं म्हणायचं. सकाळीही वाचता आलं असतं. पण मग काल का नाही वाचलं, हे कोणीतरी विचारलं असतं.

"सर, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हे बघा शेटेबाई, शब्दाचा घोळ झाला. कोणाचाही होईल. तो आता उगाच वाढवू नका. संध्याकाळी तुमची ड्युटी आहे. जे लिहून दिलंय तेवढंच वाचायचं. मी बाईंच्या मेंढ्यांचं कलेक्टर ऑफिसात बोलतो."

ठकूबाईला इंग्रजी समजत नव्हतं, पण बाकी सगळं समजलं होतं. ती मला म्हणाली, "ह्यो मानूस सांगायचा न्हाई. तू चल."

मी तिला ट्रकवाल्याकडे परत धाडलं. निघताना तिच्या हाताला धरून सांगितलं की गावात पोचलात की आधी चुलींवरची भांडी उतरवा. पण ट्रक शहरभर रिकाम्या कॅन गोळा करत फिरून मगच माघारी जाणार होता. ती वेळेत पोचणार नाही हे तिलाही कळत होतं. फोन माळझरीला नव्हता. पोलिसांना मी फोन केला. त्यांनी नोंद घेतो म्हटलं. माळझरीला एकच गोष्ट वेळेत पोचू शकत होती. ती माझ्या घशात होती आणि तिला परवानगी नव्हती.

संध्याकाळी मी स्टुडिओत बसले. दिवा लाल झाला. काचेपलीकडे इंगवले. मी नमस्कार केला, हवामान वाचलं. मग बाजारभाव. कांदा, भुईमूग, तूर. माझा आवाज कसा लागत होता ते मला आठवत नाही. लोक म्हणाले की नेहमीसारखाच होता. तुरीचा भाव संपला आणि मी समोरचा कागद उलटा केला.

"माळझरी आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी हातातलं काम टाकून ऐका," मी म्हटलं. "आज तुमच्या शिवारात जी मेंढरं मेली, ती उंदराच्या विषानं मेली. त्यांचं मांस खाऊ नका. काळीज खाऊ नका. वजडी तर अजिबात खाऊ नका. चुलीवर भांडं असेल तर उतरवा आणि खड्डा करून पुरा. कुत्र्याला घालू नका. कोणी खाल्लं असेल, पोट दुखत असेल, उलटी होत असेल, तर त्याला आत्ता दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका."

मग जे रविवारी सांगायचं होतं ते सांगितलं. विष फोकायचं नाही. पुडी करून बिळात घालायची, तोंड चिखलानं बंद करायचं. जिथे फोकलं गेलंय तिथे जनावर नेऊ नका, पोरं सोडू नका, दिसेल ते खराट्यानं गोळा करून पुरून टाका.

हे सगळं मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले तेव्हा काचेपलीकडे केळुसकर आलेले दिसले. ते हातवारे करत होते. आवाज येत नव्हता, पण तोंडावरून कळत होतं की ते इंगवल्यांना प्रक्षेपण तोडायला सांगतायत. इंगवल्यांनी कानाला हेडफोन लावले होते. त्यांनी केळुसकरांकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढून यंत्र आणि केळुसकर यांच्या मधे बसले. मी तिसऱ्यांदा सांगितलं. नावागावासकट, वजडीसकट. मग कागद सुलटा करून गुळाचा भाव वाचला.

माळझरीत काय झालं ते मला त्या तळहातावर लिहून घेणाऱ्या कंडक्टरकडून कळलं. रविवारी तो दुसऱ्या गावी मुक्कामाला गेला होता, सोमवारी माळझरीच्या गाडीवर होता. सरपंचाच्या ओसरीवर रेडिओ चालू होता. पहिल्यांदा ऐकून लोक एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बायका उठल्या. गल्लीगल्लीत भांडी उपडी झाली. एका घरी जेवायला पानं मांडली होती, ती तशीच उचलली. सरपंचानं स्वतःच्या हातानं खड्डा खणला.

पण एका घरात दुपारीच वजडी शिजली होती. पारू लेंडवे म्हणून बाई होती, दोन लेकरांची आई. लेकरं शाळेत होती, नवरा उसाच्या तोडीवर. बाकीच्यांना रात्री खाऊ घालू म्हणून तिनं चव बघण्यापुरती वाटीभर खाल्ली. तिला बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून शहरात आणली. दुसऱ्या दिवशी ती गेली. मी दवाखान्यात गेले होते. तिच्या नवऱ्याला कोणीतरी मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "बाई, येक दिस आदी सांगितलं असतं तर."

चौकशी झाली. दोन अधिकारी मुख्यालयातून आले. त्यांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला.

"हा मजकूर प्रसारित करायची तुम्हाला परवानगी होती का?"

"नव्हती."

"तुम्ही ती मागितली होती का?"

"मागितली होती. मिळाली नाही."

"मग तरीही?"

"लोक जेवायला बसत होते."

मी दुसऱ्या फोनचं सांगितलं. त्यांनी केळुसकरांना विचारलं. केळुसकर म्हणाले, असा कोणताही फोन आला नाही. आला तो एकच, आणि त्यात शब्दाचा प्रामाणिक गैरसमज झाला. रावांची तोवर दिल्लीला बदली झाली होती, त्यांना कोणी विचारलं नाही. इंगवल्यांना विचारलं की तुम्ही प्रक्षेपण का तोडलं नाही. ते म्हणाले, "बाजारभाव चालू होते, साहेब. बाजारभाव तोडायचा नियम नाही." दुसऱ्या फोनबद्दल ते ठामपणे 'आला होता' म्हणाले. तेवढं वाक्य अहवालात आलं नाही. त्यांची बदली पार दूर, समुद्राकाठच्या एका केंद्रावर झाली. माझा करार पुन्हा झाला नाही. ठकूबाईच्या मेंढ्यांचं कोणी काही दिलं नाही. उरलेला कळप घेऊन ती आणि तिचा नवरा महिन्याभरात त्या भागातून निघून गेले. केळुसकर यथाकाळ बढती मिळून वर चढले.

पुढे मी एका शाळेत शेतीशास्त्र शिकवलं. लग्न झालं, मुलं झाली. पण तो किस्सा माझ्या मागे यायचाच. एका लग्नात कोणी सांगत होतं, एका दिवाळी अंकात विनोदी लेखात आला होता: रेडिओवाल्या साहेबाला ब्रॉडकास्टिंगचा शेतातला अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून त्यानं आख्खा कार्यक्रमच रद्द केला. लोक पोट धरून हसायचे. त्यात मेंढ्या नसायच्या. पारू लेंडवे नसायची. मी कधी काही बोलले नाही. मला वाटायचं, कोणाकोणाला धरून सांगणार.

मग गेल्या वर्षी केंद्राच्या जुन्या लोकांचा मेळावा झाला. मलाही बोलावणं होतं. नाट्यगृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे केळुसकर. ऐंशी ओलांडलेले, पण ताठ, आवाज तसाच. ते भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "आता तुम्हाला माझी स्वतःची फजिती सांगतो." आणि तोच किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे टाकलेलं. शेतकऱ्याची मूठ, बिनतारी यंत्रं, सगळं. माझे शब्द जसेच्या तसे, फक्त आता ते त्यांचे होते. "तर असा हा एका शब्दानं केलेला घोटाळा," ते म्हणाले, आणि सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. त्यांनी हात जोडले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती मोकळा माणूस आहे ना, स्वतःवर हसतो."

सूत्रसंचालकानं नंतर जुन्या निवेदकांना दोन-दोन शब्द बोलायला बोलावलं. माझा नंबर आला. मी माईकसमोर गेले. इतक्या वर्षांनी माईकसमोर उभी होते.

"केळुसकर साहेबांनी सांगितलेलं खरं आहे," मी म्हटलं. "पण ते एका फोनपर्यंतचं आहे. त्या संध्याकाळी, कार्यक्रमाच्या आधी, राव साहेबांचा दुसरा फोन आला होता. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा साहेबांना त्या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत होते. स्क्रिप्ट त्यांच्या खिशात होती. त्यांनी गाणी लावली. दुसऱ्या दिवशी माळझरीत एका धनगराची निम्मी मेंढरं मेली आणि पारू लेंडवे नावाची बाई मेली. तिला दोन लेकरं होती. शब्दानं काही केलेलं नाही. मला एवढंच सांगायचं होतं."

कोणी टाळी वाजवली नाही. मी पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं चालत, बाहेर आले.

रिक्षा शोधत होते तेव्हा केळुसकर मागून आले. काठी टेकत, धापा टाकत. बरोबर कोणी नव्हतं.

"शेटेबाई," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी हे सांगायची काय गरज होती?"

"एवढी वर्षं तर तुम्हीच सांगत होतात, सर," मी म्हटलं. "मी आज पहिल्यांदा सांगितलं."